कातळवाडीची दुसरी फेरी

मथुराबाईंना सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कशाचीच भीती वाटली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. वहाळाला आलेल्या पाण्याची वाटली, विषारी फुरशांची वाटली, आणि एकदा एका दारू प्यायलेल्या बापाची वाटली, जो मुलगी झाली म्हणून कोयता घेऊन दारात उभा होता. पण तळहातावर मावेल एवढ्या करड्या डबीची भीती वाटेल असं कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी आधी त्या माणसाच्या काखेत थर्मामीटर लावला असता.

ती डबी त्यांच्या हातात आली २००३ सालच्या ऑगस्टमध्ये. रत्नागिरीत एका संस्थेने तालुक्यातल्या सोळा आरोग्यसेविकांना, म्हणजे वाडीवाडीतून फिरणाऱ्या नर्सबायांना, एका हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं, की यंदाचं जन्ममृत्यूचं सर्वेक्षण कागदावर होणार नाही. प्रत्येकीला हातातला कॉम्प्युटर मिळेल. बटणं जवळजवळ नाहीतच. काचेवर प्लास्टिकच्या काडीने टेकवायचं, की झालं. हे सांगणारी भार्गवी ही सर्वेक्षणाची सुपरवायझर. तिथल्याच मांडवीची मुलगी, पुण्याला शिकून आलेली, वय सव्वीस. मथुराबाई नोकरीला लागल्या तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

"या काडीला स्टायलस म्हणतात," भार्गवी म्हणाली.

सोळाही जणींनी माना डोलावल्या आणि त्या क्षणापासून तिला काडीच म्हटलं.

की झालं, असं म्हणणाऱ्याचं काय जातं? फिकट हिरवट काच, तिच्यावर मुंगीएवढी काळी अक्षरं. प्रश्न मराठीत दिसायचे, उत्तरांपुढे बारीक गोल, हव्या त्या गोलावर काडी टेकवायची. तिथपर्यंत ठीक. पण नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची, काचेखालच्या एका चौकोनात, आणि तीसुद्धा यंत्राच्या मर्जीने. A काढताना मधली आडवी रेघ मारायची नाही. अक्षर पुरं होईपर्यंत काडी उचलायची नाही. आयुष्यभर मारलेली रेघ न मारायला शिकण्यात मथुराबाईंचे तीन दिवस गेले. त्याहून वाईट म्हणजे त्या चौकोनाच्या कडेला एक घराचं चित्र होतं. चुकून त्याला काडी लागली, की भरत आणलेला फॉर्म बंद व्हायचा आणि यंत्र आपल्या मुख्य पानावर जाऊन बसायचं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, माणसं किती.

"सवय होईल, मथुराताई," भार्गवी म्हणायची. "शाळेत पाटीवर शिकलात ना, तसंच आहे हे."

"शाळेत मास्तर कान पिळायचे मॅडम, म्हणून शिकले," मथुराबाई म्हणायच्या, आणि हॉल हसायचा.

हसण्यावारी नेत असल्या तरी त्यांच्या जिवाला घोर लागला होता. यंत्र नाही जमलं तर फार तर काय, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, कुणी फासावर देणार नव्हतं. घोर वेगळाच होता. त्यांची कामाची एक रीत होती आणि ती रीत या डबीत मावत नव्हती.

रीत अशी. बाळंतिणीच्या घरात शिरलं, की आधी हात धुवायचे आणि बाळ मागायचं. ते मांडीवर घेऊन दुपटं सोडायचं, बेंबी बघायची, तळपायावर टिचकी मारायची. मग आईला सांगायचं, घे जवळ, आणि ते ओढतंय का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघत बसायचं. चहा त्यानंतर. रजिस्टर पिशवीतून सर्वांत शेवटी निघायचं, आणि त्यात जे लिहायचं ते तोवर हातांखालून गेलेलं असायचं. मथुराबाईंच्या रजिस्टरात खोटं सापडणार नाही, असं तालुक्याचे जुने डॉक्टर चारचौघांत म्हणाले होते. ते वाक्य त्यांनी जिवापाड जपलं होतं. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन चिपळूणला गेली. माणसाला आपलं म्हणून काहीतरी लागतंच.

"रजिस्टर मात्र घरी ठेवायचं हं," भार्गवीने निघताना बजावलं. "दोन्हीकडे लिहीत बसलात तर यंत्र कधीच हातात बसणार नाही. पंधरा दिवसांनी सोमवारी इथे यायचं. मी सगळी माहिती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेईन."

दिवसाला बारा घरं ठरली होती. पहिल्या आठवड्यात मथुराबाईंच्या नाकी नऊ आले. बाळ मांडीवर घेतलं तर यंत्र कुठे ठेवायचं? यंत्र हातात धरलं तर बाळ कुणी धरायचं? दोन मिनिटं हात लावला नाही की काच आपली आपण विझायची. भार्गवी सांगायची की बटण दाबलं की पान जागच्या जागी परत येतं, पण मथुराबाईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःशी तडजोड केली. आधी फॉर्म पुरा करायचा, मग बाळ बघायचं. उलट तर उलट, दोन्ही झाल्याशी कारण.

कातळवाडीला त्या पोचल्या गुरुवारी. वाडी मथुराबाईंच्या आरोग्य उपकेंद्रापासून, जिथे त्या राहायच्याही, दोन तासांच्या चढावर, मोकळ्या कातळापलीकडे, पंधरा-वीस घरांची. सकाळपासून सहा घरं झाली होती आणि त्यांतली दोन त्या घराच्या चित्राने गिळली होती. सातवं घर तुळसाचं. तुळसा एकवीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण. नवरा महिपत मुंबईला वॉचमन होता, घरात सासू विमला. मुलगा झाला होता सोमवारी, दिवस भरायच्या आधी, घरातच. गाडी येईपर्यंत तो थांबला नव्हता.

बाळंतिणीची खोली आत, काळोखी. मथुराबाई हात धुऊन आत शिरल्या, बसल्या, यंत्र उघडलं, तर काचेवर काही दिसेना. त्या यंत्राच्या काचेला बाहेरचा उजेड लागायचा. म्हणून त्या उठल्या आणि उंबऱ्यात येऊन बसल्या, तोंड अंगणाकडे, पाठ खोलीकडे. काच जराशी कलती धरली की अक्षरं नीट दिसत. मागून तुळसाने कूस बदलल्याचा आवाज आला. कातळाच्या टोकाला पाऊस काळाभोर होऊन उभा होता आणि अजून पाच घरं राहिली होती.

"बाळ जिवंत जन्मलं का?" त्यांनी वाचलं. हो. "मुलगा की मुलगी?" मुलगा. नाव नव्हतं, बारसं व्हायचं होतं. अशा वेळी B, A, L लिहा असं भार्गवीने शिकवलं होतं. मथुराबाईंनी चौकोनात तीन अक्षरं काढली, A ची रेघ न मारता, आणि तिन्ही पहिल्या फटक्यात बरोबर उमटली.

"बाळ दूध ओढतं का?"

"ओढतो की," चुलीपाशी बसलेल्या विमलाने आवाज दिला.

हो. "बाळाची तपासणी केली का?" आता करायचीच आहे, या पानानंतर करायची आहे, अशा विचाराने त्यांनी हो वर काडी टेकवली. आणखी तीन पानं. मग काचेवर चौकट आली, घर पूर्ण झालं. एकदाही न चुकता, एकदाही ते घराचं चित्र न लागता पुरं झालेलं हे त्यांचं पहिलंच घर.

मथुराबाईंना आनंद झाला. अगदी शाळकरी आनंद. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, काडी खाचेत सारली, डबी पिशवीत टाकली, छत्री घेतली. "बरी आहेस ना गं? पुढच्या आठवड्यात चक्कर टाकते हां," त्या दारातूनच म्हणाल्या आणि पाऊस गाठायच्या आत आठव्या घराकडे चालू पडल्या.

शनिवारी उपकेंद्रात बसून त्या नावं तपासत होत्या, तेव्हा काचेवर सेलचं चित्र लुकलुकलं आणि खाली सूचना आली, सेल संपत आले आहेत. सोमवारी रत्नागिरीला जायचंच होतं. दोन दिवस निभले की झालं.

आता, इकडे पावसाळ्यात सेल म्हणजे काय वस्तू आहे ते इकडच्या माणसालाच ठाऊक. जून ते सप्टेंबर रात्रीचं बॅटरीशिवाय दाराबाहेर पाऊल पडत नाही, आणि ती बॅटरी चालवणारे सेल दमट हवेत पाझरतात. म्हणून काम झालं की सेल काढून ठेवायचे. मंद झाले की उन्हात टाकायचे. ऊन लागलं की त्यांना जरा जोर येतो, आणखी दोन-तीन दिवस जातात. घरोघर खिडकीत असे सेल ओळीने पडलेले असतात. त्या शनिवारी बारा दिवसांनी लख्ख ऊन पडलं होतं. मथुराबाईंनी यंत्राच्या पाठीचं झाकण सरकवलं, दोन बारके सेल काढले, सुपात ठेवले आणि सूप अंगणात नेऊन ठेवलं. जेवल्या, भांडी घासली, जरा आडव्या झाल्या. दोन तासांनी कोमट झालेले सेल आपल्या जागी बसवले.

काच उजळली. तिच्यावर फुलीसारखी एक खूण, आणि खाली ओळ, की खुणेच्या मधोमध टेकवा. त्यांनी टेकवलं. दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी खूण. तिसरी. असं यंत्राने फक्त पहिल्या दिवशी, हॉलमध्ये विचारलं होतं. मग मुख्य पान आलं. त्यावर दिनदर्शिका होती, पत्त्यांची यादी होती, हिशेबाचं यंत्र होतं. सर्वेक्षणाचं चित्र नव्हतं.

त्यांना वाटलं, पान चुकलं. त्यांनी मागे जाऊन पाहिलं, पुढे जाऊन पाहिलं, प्रत्येक चित्रावर काडी टेकवून आत शिरून पाहिलं. पत्त्यांच्या यादीत एकही नाव नाही. दिनदर्शिका कोरी. सामसूम घरात हाका मारत फिरावं तशा त्या ऊन उतरेपर्यंत या पानातून त्या पानात फिरत राहिल्या.

"सेल काढले होतेत?" सोमवारी भार्गवीने विचारलं.

"हो. उन्हात ठेवले होते."

"उन्हात? किती वेळ?"

"दोन तास. सुपात."

ऑफिसात कुणी हसलं नाही. भार्गवीने यंत्र टेबलावर ठेवलं. "यातली माहिती सेलच्या जोरावरच टिकते, मथुराताई. सेल काढले की जेमतेम मिनिटभर राहते, मग सगळं पुसलं जातं. फॉर्मसकट."

"हे आम्हाला सांगितलं नव्हतंत तुम्ही."

"नाही सांगितलं. सेल संपत आले तर माझ्याकडे या, एवढंच म्हटलं. चांगल्या यंत्राचे सेल काढून कुणी उन्हात..." ती थांबली. चांगल्या घरची मुलगी होती. "चूक माझी आहे. पण घरं एकशेत्रेचाळीस होती. परत फिरायला लागणार तुम्हाला."

मथुराबाईंनी मान हलवली. चूक कुणाची हा विचार त्यांनी केला नाही. एकशेत्रेचाळीस घरांतली माणसं आपल्या हातून सांडली, एवढंच त्यांना कळलं. रजिस्टर घरी होतं आणि कोरं होतं.

दुसरी फेरी सुरू व्हायला गणपती गेले. मधल्या दिवसांत मथुराबाई रोज संध्याकाळी उपकेंद्राच्या ओट्यावर यंत्र घेऊन बसत आणि शेजाऱ्यांच्या घरातली माणसं पुन्हा पुन्हा भरून पुसून टाकत. हट्टच धरला म्हणा ना. परिणाम असा, की फेरीला निघाल्या तेव्हा काडी हातात बसली होती. कुठल्या पानानंतर कुठलं पान येतं ते पाठ झालं होतं. आता बोलता बोलता, समोरच्याकडे बघता बघता त्यांच्या हातून फॉर्म भरला जाई. बाळं पुन्हा आधी मांडीवर यायला लागली. आपण यंत्राला नमवलं, असं त्यांना वाटे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

कातळवाडीला त्या सप्टेंबरच्या दहा-बारा तारखेला चढल्या. कातळावर गवत पिवळं पडायला लागलं होतं. तुळसाच्या अंगणात विमला भात पाखडत होती.

"या वो बाई," ती म्हणाली आणि उठून पाणी आणायला गेली. तुळसा पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मथुराबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, आणि हौसेने म्हणाल्या, "आणा बघू आमचा पोरगा. बारसं झालं ना? काय नाव ठेवलंत? मागच्या वेळी नुसतं बाळ म्हणून लिहिलं होतं, आता नाव घालते."

तुळसाने त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. पाण्याचा तांब्या घेऊन विमला दारात उभी राहिली.

"पोर ऱ्हायला नाय बाई," ती म्हणाली. "सातव्या दिवशी गेला. रैवारी."

मथुराबाई पडवीत खाली बसल्या. रविवारी. गुरुवारी त्या इथे येऊन गेल्या होत्या.

"मला निरोप का नाही धाडलात?"

"काय धाडायचा? पहाटचा गेला. वाडीतल्या दोघांनी नेऊन पुरला. महिपत गणपतीला आला, दोन दिस बसला नि गेला." विमलाने तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. ती कोरड्या मनाची बाई नव्हती. "बारसा नाय, नाव नाय. तुमी त्या तुमच्या डबीत लिवू नका. त्येचा काय लिवायचा? घरात कोन वारला नाय, असाच घाला."

मथुराबाईंनी पिशवीतून डबी काढून जन्ममृत्यूचं पान उघडलं. गेल्या वर्षभरात या घरात कुणाचा जन्म झाला का, आणि त्याखाली, कुणाचा मृत्यू झाला का. दोन्हीपुढे दोन दोन गोल. दोन्हीकडे नाही म्हटलं की घर पाच मिनिटांत पुरं होणार होतं. पहिल्या फेरीतला तो मुलगा सुपातल्या उन्हात कधीच पुसला गेला होता. तो जन्मला होता हे आता कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मथुराबाई त्याचा चेहरा आठवू लागल्या. त्यांना सगळी बाळं आठवत. सत्त्याऐंशी सालच्या पुरात पत्र्यावर जन्मलेलं आठवत होतं, ओठ फाटलेलं आठवत होतं, सहा बोटांचं आठवत होतं. याचा चेहरा येईना. गोरा होता की सावळा, जावळ होतं की नव्हतं, काही येईना. येत होती ती हिरवट काच, तिच्यावर पहिल्या फटक्यात उमटलेली तीन अक्षरं, आणि त्यानंतर झालेला आनंद. त्यांनी बाळाकडे पाहिलंच नव्हतं. आत्ता, या पडवीत, पहिल्यांदाच हे त्यांच्या ध्यानात आलं.

"लिहायचं," त्या म्हणाल्या. "जन्मला होता ना? मग लिहायचं."

तुळसाने मान वर केली.

जन्म, हो. मृत्यू, हो. लगेच नवी पानं उघडली. मृत्यूची पानं मथुराबाईंनी दुसऱ्या घरांत भरली होती, पण ती म्हाताऱ्यांची. बाळाची वेगळी होती. किती दिवसांचं होतं? सात. कुठे गेलं? घरी. तेव्हा जवळ कोण होतं?

"मी," तुळसा म्हणाली.

मग तो प्रश्न आला. मृत्यूच्या आधी आरोग्यसेविकेने बाळाची तपासणी केली होती का? हो. नाही. माहीत नाही.

मथुराबाईंनी तो मोठ्याने वाचला. न वाचून कसं चालेल?

"व्हय तर," विमला म्हणाली. "तुमीच न्हवतात का आल्या? चौथ्या दिसाला. हितं उंबऱ्यात बसून सगळा इचारलात. तुमचा काय दोष नाय वो, बाई. आमचाच नशीब."

तिने ते मनापासून म्हटलं, आणि म्हणूनच ते सहन होईना. समोरच्या बाईने हो म्हटलं होतं. सर्वेक्षणाचा नियमच असा, की घरातलं माणूस सांगेल ते भरायचं. हो वर काडी टेकवली असती तर तो नियमाप्रमाणे बरोबर भरलेला फॉर्म ठरला असता. नाही म्हटलं तर सोमवारी भार्गवी ते पान वाचणार. विचारणार, की आरोग्यसेविका म्हणजे तुम्हीच ना? गेला होतात ना? मग? तिथून कागद वर जाणार, चौकशी बसणार, आणि दोन वर्षांवर आलेल्या निवृत्तीच्या तोंडावर ज्यांच्या रजिस्टरात खोटं सापडत नाही त्या मथुराबाई चार माणसांसमोर उभ्या राहणार. तपासलं असतं तरी तो वाचला असता असं नाही. दिवसांआधीचं मूल, जिल्ह्याचं सरकारी इस्पितळ पंचवीस किलोमीटर, वाटेत वहाळ. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. माणूसच ना त्या, येणारच.

काच विझली. दोन मिनिटं झाली होती. त्यांनी बटण दाबलं, तर पान जागच्या जागी परत आलं, प्रश्नासकट.

"नाही," मथुराबाई म्हणाल्या आणि नाहीच्या गोलावर काडी टेकवली. "मी आले होते, विमलाताई, पण मी त्याला तपासलं नाही. हातातसुद्धा घेतलं नाही. या यंत्राचं घर पुरं झालं या आनंदात मी तशीच निघून गेले. तुळसा, चूक माझी आहे. मी तुझ्या पोराकडे बघितलं नाही."

मथुराबाई रडल्या नाहीत. रडणं त्या घरात त्यांच्या वाट्याचं नव्हतं.

यंत्राला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. त्याने पुढचं पान समोर आणलं. बाळाने दूध ओढणं कधी थांबवलं? पहिला दिवस, दुसरा, तिसरा, चौथा, त्यानंतर.

मथुराबाईंनी वाचलं आणि या वेळी काचेकडे न बघता तुळसाकडे बघितलं.

"तिसऱ्या दिसाला," तुळसा म्हणाली.

"तिसऱ्या?"

"तुमी आलात त्येच्या आदल्या दिसापासनं वडीत नव्हता."

"मग मला सांगितलं का नाहीस गं, बाय?"

"सांगनार व्हते," तुळसा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. घडलं ते सांगावं तसं तिने सांगितलं. "तुमची पाठ व्हती माज्याकडं. तुमी कायतरी लिवत व्हतात. म्हनला, लिवून झाला की वळतील. ह्येला उचलून धरून बसले व्हते मी, तुमाला दाखवायला."

मथुराबाईंनी तिसऱ्या दिवसाच्या गोलावर काडी टेकवली. मग यंत्र खाली जमिनीवर ठेवलं आणि तुळसाच्या जवळ सरकून बसल्या. पुढे आणखी चार पानं होती. ती त्यांनी दुपारनंतर भरली.